घराची पडतळ

शेतकऱ्याच्या खळ्यावर तुरीचा भाव काय निघाला हे कोणीही विचारतो. तोच माल वखारीत येऊन पडेपर्यंत पडतळ काय बसली हे मात्र व्यापारीच विचारतो. खरेदीचा भाव, बारदाना, हमाली, तोलाई, दलाली, बाजार फी, गाडीभाडे, अडकलेल्या पैशाचे व्याज आणि सर्वांत शेवटी घट, एवढे मिळविल्यावर जो आकडा येतो तोच खरा भाव, हे आपल्या सभासदांच्या घरातील दहा वर्षांच्या मुलासही ठाऊक असते. असे असता शहरात घर पाहावयास निघाल्यावर आपण सर्वजण भाडे तेवढे विचारतो आणि स्वस्त मिळाले म्हणून समाधानाने परत येतो, ही मोठ्या नवलाची गोष्ट आहे. हे नवल मी स्वतः केलेले असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मजकडे पोहोचतो असे वाटते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा भाषेचे दोष वाचकांनी पोटात घालावेत. हिशोबाचे दोष मात्र अवश्य दाखवावेत.

आपल्या बेल्यातील किंवा जैनथ-आदिलाबादकडील कोणत्याही पेढीवर आता घरातील सर्व मुलगे बसू शकत नाहीत. एक बसतो, बाकीचे नागपुरास जातात, काही हैदराबादेस जातात. त्यांतील पुष्कळांचे काम चाकांवरचे असते. कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी, कोणी बियाणे-खतांचा विक्रेता, कोणी स्वतःचा टेम्पो घेऊन दुकानोदुकानी माल पोहोचविणारा, तर कोणी टॅक्सी चालविणारा. वाहन चालविणे हलके काम आहे असे मानणारे वडीलधारे अद्याप आपल्यात आहेत. त्यांच्याशी येथे वाद घालीत नाही. ज्या चाकांवर आपला माल गावोगाव जातो, ती फिरविणाऱ्यास कमी लेखणे व्यापाऱ्यास शोभत नाही, एवढेच म्हणतो.

अशा मनुष्याचे घर आणि कचेरीत बसणाऱ्याचे घर यांत मोठा फरक आहे. कचेरीतला गृहस्थ बसने किंवा मेट्रोने जातो, वाटेत डोळे मिटून बसू शकतो आणि खुर्चीवर बसल्यावर त्याचे काम सुरू होते. वाहन चालविणारा घरापासून कामाच्या जागेपर्यंत जातो तेव्हाही तो तेच काम करीत असतो. फरक इतकाच, की त्या कामाचे त्यास कोणी पैसे देत नाही; उलट डिझेल पदरचे जळते.

माझ्या धाकट्या चिरंजीवाने आदिलाबादेस बी.कॉम. केले. पेढीवर थोरला होताच. धाकट्याने २०१० साली कर्ज काढून एक लहान चारचाकी टेम्पो घेतला, ज्यास लोक छोटा हत्ती म्हणतात तो, आणि नागपुरात एका वितरकाचा माल किराणा दुकानांस पोहोचविण्याचे काम धरले. वितरकाचे गोदाम अमरावती रस्त्यावर वाडी येथे होते. नागपूरची ज्यांना माहिती नाही त्यांच्याकरिता सांगतो, की वाडी हे शहराच्या पश्चिम टोकास असून तेथे वाहतूक कंपन्यांची व मालाची गोदामे फार आहेत. घर शोधण्याचे काम मी आपणाकडे घेतले. माझा सर्व व्यवहार इतवारी-मस्कासाथ भागातला. ओळखीचे आडते तेथले. मंदिर पायी पाच मिनिटांवर. शेजार आपल्या लोकांचा. शुद्ध भोजनाची सोय. एका जुन्या वाड्यात दोन खोल्या इतक्या अल्प भाड्यात मिळाल्या की मी घरमालकास त्याच दिवशी विसार देऊन आलो. चिरंजीवाने एवढेच विचारले होते, "बाबा, गाडी कुठे उभी करू?" मी म्हटले, "नागपूर एवढे मोठे आहे, एका टेम्पोला जागा मिळणार नाही का?"

त्या गल्लीत टेम्पो शिरत नव्हता. तो अर्ध्या किलोमीटरवर एका मोकळ्या मैदानात उभा राही. पहिल्या वर्षात दोनदा बॅटरी गेली, एकदा जादा चाक गेले. मग एका पहारेकऱ्यास दरमहा पैसे देणे सुरू झाले. इतवारी पूर्वेला, वाडी पश्चिमेला आणि मध्ये सीताबर्डीची गर्दी. पहाटे साडेपाचला निघावे, माल भरून दुकाने करावीत, संध्याकाळी गोदामात हिशोब द्यावा आणि पुन्हा सर्व शहर ओलांडून रात्री दहाला गल्लीच्या तोंडाशी यावे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्याचा लहानपणापासूनचा नियम होता. ज्या शेजारासाठी व ज्या भोजनासाठी मी ते घर घेतले, त्यांतले त्याच्या वाट्यास काहीच आले नाही. दुपारी जे मिळेल ते खावे आणि रात्री पाणी न पिता निजावे, असे दिवस त्याने काढले. आम्हांस सांगितले नाही.

२०१२ च्या जानेवारीत हिंगणघाटचा माल पोहोचवून रात्री परत येताना जामच्या चौफुलीजवळ त्याचा डोळा लागला आणि टेम्पो दुभाजकावर चढला. निरोप आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी व थोरला कोरपना-वणी-वरोऱ्याच्या रस्त्याने निघालो. हा रस्ता जामलाच राष्ट्रीय महामार्गास मिळतो, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात तो टेम्पो मला प्रथम दिसला आणि मुलगा नंतर. काच नव्हती, पुढचा पत्रा आत गेलेला होता. हंसळीचे हाड मोडण्यावर निभावले, ही पूर्वपुण्याई. तीन महिने टेम्पो जागेवर उभा होता. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत, ते चालतच होते.

रुग्णालयात त्याच्या खाटेजवळ बसून मी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर प्रथमच त्या घराची पडतळ काढली. आज वाचकांस समजावी म्हणून ती आजच्या अंदाजी भावाने मांडतो. आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. समजा, इतवारीतील खोलीचे भाडे ५,००० रुपये आणि वाडीतील तेवढ्याच खोलीचे ८,००० रुपये. वरवर पाहता दरमहा तीन हजारांची बचत दिसते. आता इतवारी ते वाडी १२ किलोमीटर धरा. जाऊन येऊन २४. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६२४ किलोमीटर. शहरातील थांबत-चालत वाहतुकीत टेम्पो लिटरला १५ किलोमीटर जातो आणि डिझेल ९० रुपये धरले तर किलोमीटरला ६ रुपये, एकूण ३,७४४ रुपये. टायर, तेल, ब्रेक, क्लच यांची झीज किलोमीटरला २ रुपये धरली तर १,२४८. पहारेकऱ्याचे १,०००. बेरीज ५,९९२. अर्थात पाच हजारांची खोली जवळजवळ अकरा हजारांस पडली आणि आठ हजारांची आठलाच पडली असती.

यात अद्याप घट धरलेली नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत ताशी १८ किलोमीटर वेग मिळाला तर त्या २४ किलोमीटरला रोज ८० मिनिटे जातात. महिन्याचे ३४ तास ४० मिनिटे होतात; आठ तासांचा दिवस धरला तर चार दिवसांहून अधिक. हे चार दिवस तो कोठून काढतो? धंद्यातून काढू शकत नाही, कारण फेऱ्या ठरलेल्या. तो झोपेतून काढतो. धान्यातली घट काट्यावर दिसते, ही दिसत नाही. १९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगारांचा कायदा केला तेव्हा दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली आणि पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. त्या काळच्या लोकांस हे कळत होते. परंतु कायदा मालकाच्या कामाचे तास मोजतो. स्वतःच्या टेम्पोवर स्वतःच्या घरी जाणाऱ्याचे तास मोजणारा कोणी नसतो. ते घर निवडणाऱ्याने मोजावयाचे असतात. मी चाळीसावर वर्षे तुरीची पडतळ काढीत आलो. त्यातल्या एकाही वर्षी मुलाच्या घराची काढली नव्हती.

आता नागपूरविषयी. या शहरातून आठ दिशांस आठ रस्ते फुटतात: वर्धा, हिंगणा, अमरावती, काटोल, कोराडी-सावनेर, कामठी, भंडारा आणि उमरेड. आपल्या मुलाची रोजची फेरी यांपैकी कोणत्या रस्त्याने सुरू होते, हे प्रथम नक्की करावे आणि त्या बाजूसच घर पाहावे. ज्याचे क्षेत्र हिंगणघाट, वणी, चंद्रपूर किंवा आपलाच प्रदेश आहे, त्याने दक्षिणेस राहावे. वर्धा रस्त्याच्या लगतची घरे महाग आहेत. बेसा, बेलतरोडी, मानेवाडा, हुडकेश्वर या बाजूस आत शिरावे तसे भाडे उतरते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्याचा माल भरतो त्याने जयताळा, इसासनी, वानाडोंगरी पाहावे. बुटीबोरीत ज्याचे काम आहे त्याने नागपूरचा मोह सोडून बुटीबोरीतच राहावे हे उत्तम. ते शहरापासून सुमारे तीस किलोमीटर आहे आणि रोजचे साठ किलोमीटर कोणत्याही स्वस्त भाड्यात बसत नाहीत. कळमन्याच्या धान्यबाजाराशी किंवा भंडारा रस्त्यावरील कापसीच्या गोदामांशी ज्याचा संबंध, त्याचे घर पूर्वेस हवे. वर्धमाननगर म्हटले की आपल्या लोकांचे डोळे चमकतात, आणि वस्ती चांगलीच आहे. परंतु भाडे तसेच आहे. त्याच बाजूस पारडी, भरतवाडा, वाठोडा येथे तुलनेने माफक दरात घरे मिळतात आणि मंदिरही फार दूर पडत नाही. औषध प्रतिनिधींचे गणित निराळे. धंतोली-रामदासपेठेतील दवाखाने हे ज्याचे क्षेत्र, त्याच्या दुचाकीस कोठूनही चालते; त्याने भाडे बघावे, आमच्या टेम्पोवाल्याचा हिशोब त्यास लावू नये. टॅक्सीवाल्यास स्टेशन आणि सोनेगावचे विमानतळ यांच्या दरम्यान कोठेतरी बिऱ्हाड असावे, कारण त्याची रिकामी फेरी म्हणजे शुद्ध तोटा.

नकाशावर मोजलेले अंतर धरू नये. रेल्वेमार्गांनी या शहराचे तुकडे पाडलेले आहेत. समोर दिसणाऱ्या वस्तीत जाण्यास फाटक, भुयारी मार्ग किंवा पूल कोठे आहे ते पाहावे लागते. वर्धा रस्त्यावरील दुमजली पूल २०२० साली आणि कामठी रस्त्यावरील २०२४ साली झाला. त्यांनी मोठ्या रस्त्यावरचा वेळ वाचविला यात संशय नाही. परंतु मोठा पूल झाला म्हणून ले-आऊटच्या तोंडाशी असलेला अरुंद रस्ता रुंद होत नाही, आणि वेळ जातो तो बहुधा तेथेच. यास्तव घर पाहावयास दुपारी बारा वाजता रिक्षाने जाऊ नये. सकाळी आठला स्वतःचे वाहन घेऊन त्या घरापासून कामाच्या जागेपर्यंत एकदा जावे, आणि रात्री नऊला परत यावे. दुसऱ्या फेरीस गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारी लागलेल्या असतात. तेव्हा टेम्पो वळतो की नाही ते समजते. शहरात मोठ्या मालमोटारींना ठरावीक तासांत बंदी असते आणि हे तास वेळोवेळी बदलतात. ज्याचे वाहन त्या वर्गात मोडते त्याने चालू आदेश वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्यावा.

रात्री वाहन कोठे उभे राहील, हा प्रश्न माझ्या चिरंजीवाने विचारला होता आणि मी उडवून लावला होता. तो आता माझ्या यादीत पहिला आहे. आवार असेल तर फाटकाची रुंदी मोजावी. जागा रस्त्यावरची असेल तर ती घरातील खिडकीतून दिसावी. फ्लॅट स्कीममध्ये राहावयाचे असेल तर पिवळ्या पाटीचे वाहन आत घेऊ देतात काय, हे संस्थेच्या लोकांस आधी विचारावे; पुष्कळ ठिकाणी देत नाहीत आणि ते राहावयास गेल्यावर कळते. करारात पार्किंगची जागा लिहून घ्यावी. तळघरातील पार्किंग दिसावयास सुरक्षित, पण पाण्याचा विचार करावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. घरातील सामानासोबत असंख्य गाड्या त्यात गेल्या. ज्याची गाडी हीच पेढी आहे, त्याची पेढी एका पहाटेत बुडाली असे समजावे. नदी-नाल्याजवळचे घर उन्हाळ्यात पाहू नये. पाहिले तर शेजाऱ्यास त्या दिवशीचे पाणी कोठवर आले होते ते विचारावे. भिंतीवर खूण असते. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून कित्येक ठिकाणी रस्ता वर आणि आवार खाली असा प्रकार आहे. तेथे लहान पावसातही पाणी अंगणात उतरते.

चिरंजीव बरा झाल्यावर आम्ही त्याचे बिऱ्हाड वाडीस, दत्तवाडी भागात हलविले. टेम्पो दारात, गोदाम दहा मिनिटांवर. तो दुपारी घरी येऊन जेवू लागला. संध्याकाळी दिवस असता परत येऊ लागला. मला वाटले, हिशोब मिटला. सहा महिन्यांनी सौभाग्यवती तेथे राहून आली आणि तिने माझ्या हिशोबातील चूक दाखविली. ती म्हणाली, "तुम्ही टेम्पोचे घर पाहिले, सुनेचे पाहिले नाही." खरे होते. गाडी त्याच्याबरोबर जाते, घरची मंडळी मात्र पायीच राहतात. पुढे जडवाहनांचा रस्ता, तो ओलांडून भाजीस जावयाचे, दवाखाना लांब, नळाचे पाणी नियमित नाही म्हणून टँकरची वाट पाहावयाची, दिवसभर बोलावयास ओळखीचे कोणी नाही. सूनबाई कधी काही बोलली नव्हती. मुलाने जसे वर्षभर लपविले तसे तिनेही लपविले. आमच्या घरात हा एक दोष आहे.

मग त्याच भागात, पण मोठ्या रस्त्यापासून आत, कुटुंबवत्सल वस्तीत एक घर पाहिले. भाडे हजाराने जास्त; टेम्पो दोन मिनिटे अधिक लांब. त्यानंतर तक्रार राहिली नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की किराणा, दूध, डॉक्टर आणि मुलांची शाळा एवढे पायी चालण्याच्या टप्प्यात असावे. मंदिर किंवा स्थानक पायी नसले तरी घरच्यांस एका बसने वा मेट्रोने पोहोचता यावे. नागपूर मेट्रोची पहिली सेवा मार्च २०१९ मध्ये वर्धा रस्त्यावर सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उरलेले भाग खुले झाले. एक मार्ग खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, दुसरा लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत, आणि दोहोंची भेट सीताबर्डीस. टेम्पोवाल्यास त्यांचा उपयोग नाही. त्याच्या कुटुंबास फार आहे. पुरुषाच्या मिळकतीचे वाहन बायकोच्या मंदिरासाठी किंवा मुलाच्या शिकवणीसाठी बाहेर काढावे लागले की पडतळीत पुन्हा वाढ होते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ओळखीचे आहेत म्हणून आपण तोंडी ठरवितो. तसे करू नये, कारण पुढे पत्ता बदलण्यास हाच कागद लागतो. आपण तेलंगणातले आहोत हे विसरून चालत नाही. पेनगंगेच्या अलीकडे व पलीकडे भाषा एक, सोयरीक एक, पण वाहनाची पाटी वेगळी. आपल्या जिल्ह्याची ०१ क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवावयाची असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे तेथील नोंदणी करून घ्यावी लागते. त्याकरिता आदिलाबादच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र घ्यावे आणि महाराष्ट्राचा कर भरावा. नागपुरातही शहर, ग्रामीण व पूर्व अशी तीन कार्यालये असून त्यांच्या पाट्या अनुक्रमे एम.एच. ३१, ४० व ४९ अशा आहेत. घर कोठे, त्यावर कार्यालय ठरते. हा खर्च एकदाच येतो, परंतु पहिल्या वर्षाच्या पडतळीत तो धरलेला असावा.

महामार्गावर ज्याचे काम आहे त्याने पथकरही धरावा. नागपुराहून आपल्याकडे येताना बोरखेडी, दारोडा, केळापूर व नंतर पिप्पलवाडा असे नाके लागतात. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी वाहनास सवलतीचा मासिक पास मिळतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप व व्हॅन यांना २०० फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती. धंद्याच्या पिवळ्या पाटीस हे दोन्ही लागू नाहीत. स्वतःच्या खासगी मोटारीने फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीने मात्र हा लाभ अवश्य घ्यावा.

हैदराबादेकडे जाणाऱ्यांसाठी माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडे आहे, कारण माझा व्यवहार तिकडे कमी. आपल्या बाजूचा महामार्ग मेडचल, कोंपल्ली, बोवेनपल्ली असा शहरात शिरतो. आपल्या मुलाचे बेल्याकडे येणे-जाणे असो वा क्षेत्र निजामाबाद-आदिलाबाद असो, त्याने त्याच अंगास राहावे. काचीगुडा-सुलतानबाजार भागात मराठी मंडळी पूर्वापार आहेत आणि बेगमबाजारात आपले व्यापारी आहेत, म्हणून तेथे घर घेण्याचा मोह होतो. मी इतवारीत जे केले तेच हे होय. १५८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता असलेल्या शहरात चुकीच्या टोकास घर घेतल्यास माझे ३४ तास ४० मिनिटे फारच किरकोळ वाटतील.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तीत मी पुन्हा चुकलो असतो. वाडीचे घर मानवले हे पाहून मी चिरंजीवास तेथेच प्लॉट घेऊन टाक म्हणून मागे लागलो होतो. भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, ही आपल्या पिढीची समजूत. त्याने दोन वर्षे टोलवाटोलवी केली. प्लॉटही दाखवून झाले होते. त्यांतील दोहोंचे सुधार प्रन्यासाचे नियमितीकरणाचे पत्र, ज्यास तेथे आर.एल. म्हणतात, ते नव्हते. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आल्यापासून अनेक जुने ले-आऊट नियमित झाले, पण सर्व झाले नाहीत, आर.एल. पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. त्यानंतर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ठिकठिकाणची लहान गोदामे मोडून एकच मोठे गोदाम करण्याकडे कंपन्यांचा कल झाला. २०१८ साली त्याच्या वितरकाने वाडीचे गोदाम बंद करून कापसीस हलविले. शहराच्या पश्चिम टोकाचे काम एका महिन्यात पूर्व टोकास गेले. प्लॉट घेतला असता तर चिरंजीव पुन्हा रोज सर्व शहर ओलांडीत बसला असता, आणि तेही माझ्याच सल्ल्याने. भाड्याचे घर होते म्हणून महिन्याभराची सूचना देऊन तो पारडीस गेला. तेथे कापसी जवळ, मुलीची शाळा पायी, वर्धमाननगरचे मंदिर बेताच्या अंतरावर. टेम्पो आता दोन आहेत. दुसऱ्यावर बेल्याचाच एक मुलगा असतो. ज्याच्या कामाची जागा दुसऱ्याच्या हाती आहे, त्याने पाच वर्षे एकाच ठिकाणी काम स्थिर झाल्याशिवाय घर विकत घेण्याचा विचार करू नये, असे माझे मत आहे. आपणांपैकी कित्येकांस ते पटणार नाही. मलाही तेव्हा पटले नव्हते.

कळमना व कापसी येथे आपल्या सभासदांची जी गोदामे आहेत, त्यांची आवारे रात्री रिकामी असतात आणि पहारेकरी तेथे असतोच. नव्याने आलेल्या मुलास घर मिळेपर्यंत, दोन-तीन महिने, एक वाहन आवारात उभे करू द्यावे, अशी माझी त्यांस विनंती आहे. चिरंजीवाच्या पारडीच्या घराच्या आवारातही दोन टेम्पोंच्या बाजूस एका लहान गाडीपुरती जागा आहे. ज्यास गरज असेल त्याने बेल्यास आमच्या पेढीवर येऊन सांगावे. दुपारी तीन ते पाच मी असतो.